पुस्तिकेतला नियम आणि हँगरमधले विमान : हवाई दलातील देखभाल अभियंत्याची कारकीर्द

लढाऊ विमान उडवणारा वैमानिक आणि ते उडण्याजोगे ठेवणारा अभियंता हे दोघेही भारतीय हवाई दलात अधिकारीच असले, तरी त्यांच्या शाखा वेगळ्या, प्रशिक्षण वेगळे आणि बढतीची शिडीही बरीच वरपर्यंत वेगळी असते. अभियंत्यांच्या शाखेला वैमानिकी अभियांत्रिकी शाखा म्हणतात आणि तिचे दोन प्रवाह आहेत. विमानाचा सांगाडा, इंजिन, द्रवदाबावर चालणाऱ्या यंत्रणा, चाके व ब्रेक हे सारे यांत्रिकी प्रवाहाकडे असते, तर रडार, रेडिओ, दिशादर्शन, विद्युत जोडण्या आणि क्षेपणास्त्रांच्या पथकांतील बरीचशी यंत्रसामग्री इलेक्ट्रॉनिक्स प्रवाहाकडे. वृत्तपत्रांत या शाखेचे नाव येते ते बहुधा विमान कोसळल्यावर किंवा सुटे भाग मिळत नसल्याची ओरड झाल्यावर, आणि त्यामुळे या कारकिर्दीच्या मुळाशी असलेला पेच वाचकांपुढे क्वचितच मांडला जातो. निर्मात्याने लिहिलेल्या देखभाल-पुस्तिकेचे अक्षरशः पालन करणे ही या अधिकाऱ्याला मिळणारी पहिली शिकवण असते. मात्र ज्या पूर्वसुरींचा त्याने अभिमान बाळगावा अशी शाखेची अपेक्षा असते, त्यांनी नाव कमावले ते पुस्तिकेत नसलेल्या गोष्टी करून दाखवल्यामुळे.

या परंपरेचा आरंभ कराचीजवळच्या ड्रिघ रोड तळावर होतो. १ एप्रिल १९३३ रोजी तेथे हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमाने, वैमानिक आणि तंत्रज्ञ यांचे मूळ लढाऊ पथक, उभी राहिली तेव्हा तिच्याकडे वापिटी जातीची चार द्विपंखी विमाने होती. मूठभर भारतीय वैमानिकांना इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील प्रशिक्षणानंतर अधिकारपद मिळालेले होते, परंतु विमानांना प्रत्यक्ष हात लावणारे भारतीय तंत्रज्ञ ‘हवाई सिपाही’ याच हुद्द्यावर भरती झालेले होते आणि अभियंता म्हणून अधिकारी होण्याचा मार्ग भारतीयांसाठी त्या काळात व्यवहारतः बंदच होता. लाहोरच्या मॅकलॅगन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले हरजिंदर सिंग हे याच हवाई सिपाह्यांपैकी एक. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या तरुणाने शिपायाच्या पगारावर पाना हातात धरावा, ही गोष्ट त्या काळच्या मध्यमवर्गीय कल्पनांना मानवणारी नव्हती. हरजिंदर सिंगांनी ती जाणूनबुजून पत्करली, आणि पुढे एअर व्हाइस मार्शल होऊन देखभाल विभागाचे प्रमुखपद भूषवले. सर्वांत खालच्या पायरीवरून इतक्या उंचीवर पोहोचलेला अभियंता या शाखेच्या इतिहासात विरळाच.

त्यांची खरी परीक्षा १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशात झाली. जपानी फौजा रंगूनच्या दिशेने सरकत असताना के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखालील पहिली स्क्वाड्रन टाउंगू येथे दाखल झाली, ती लायसँडर जातीची विमाने घेऊन. लायसँडर हे भूसेनेच्या साहाय्यासाठी, म्हणजे शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी, तोफखान्याला नेम सांगण्यासाठी व निरोप पोहोचवण्यासाठी बांधलेले संथ विमान होते. बॉम्बफेकी हा त्याचा मुख्य धर्म नव्हे. तरीही चाकांच्या आवरणांवरील आखूड पंखांना अडीचशे पौंडी बॉम्ब जोडण्याची व्यवस्था करण्यात आली आणि तळावर जपानी हल्ला झाल्यानंतर मजुमदारांनी सयामच्या हद्दीतील मे हाँग सॉन येथील जपानी तळावर हल्ला चढवला. वॉरंट ऑफिसर हरजिंदर सिंग व त्यांचे तंत्रज्ञ यांच्या हातचे हे काम होते. अशा जोडणीत केवळ बॉम्ब लटकवून भागत नाही. वजनाचा तोल किती सरकतो, धावपट्टीवरील धक्क्याने खिळा तुटेल का, एका बाजूचा बॉम्ब सुटला आणि दुसऱ्या बाजूचा अडकला तर विमान सावरेल का, हे सारे हिशेब निर्मात्याच्या मदतीवाचून, तुटपुंज्या हत्यारांनिशी आणि पुढचा हल्ला केव्हा होईल हे माहीत नसताना करावे लागतात. या मोहिमेतील कामगिरीबद्दल त्यांना एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी अधिकारपदही.

फाळणीत ड्रिघ रोड व लाहोर येथील दुरुस्तीच्या जुन्या सोयी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या आणि नव्या भारताच्या हवाई दलाला देखभालीची घडी जवळजवळ नव्याने बसवावी लागली. कानपूर येथे युद्धानंतर टाकून दिलेली अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने उभी होती; ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून निघून जाणाऱ्यांनी त्यांची हेतुपुरस्सर मोडतोड केलेली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या माणसांनी एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावत त्यांतली कित्येक विमाने उडण्याइतपत उभी केली, कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचवी स्क्वाड्रन त्याच विमानांवर उभी राहिली. १९६८ च्या अखेरीपर्यंत लिबरेटर भारतीय हवाई दलाच्या सेवेत होते. आज ब्रिटन व अमेरिकेतील संग्रहालयांत जी लिबरेटर विमाने दिसतात, त्यांपैकी काही मूळची भारतातून गेलेली आहेत. ज्यांनी ती निकामी केली त्यांच्याच संग्रहालयांना ती भारताकडून भेट मिळाली, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा म्हणावा लागेल.

१९५५ मध्ये हवाई दलाचा देखभाल विभाग, म्हणजे सर्व दुरुस्ती-आगारे व सामान-आगारे ज्याच्या अखत्यारीत येतात तो स्वतंत्र कमांड, कानपूर येथे स्थापन झाला. त्याचे मुख्यालय पुढे नागपूरला आले व आजही तेथील वायुसेनानगरात आहे. हरजिंदर सिंगांनी याच कानपुरात हवाई दलाच्या दुरुस्ती-आगाराकडून ‘कानपूर’ नावाचे चार आसनी हलके विमान बांधून घेतले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्रिटिश ॲव्हरो ७४८ हे प्रवासी-वाहतूक विमान भारतात बांधण्यासाठी १९६० मध्ये तेथे कारखाना उभा केला. भारतात जोडलेले पहिले ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले आणि आदल्या वर्षी निधन पावलेल्या हवाई दल प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याला ‘सुब्रतो’ हे नाव देण्यात आले. सैन्यदलाने विमाने वापरावीत की बांधावीत, हा वाद तेव्हाही झाला आणि १९६४ मध्ये तो कारखाना सार्वजनिक क्षेत्रातील विमान कंपनीकडे सोपवून तो व्यवहारात मिटवला गेला. ‘कानपूर’ विमानाचा उत्साह त्याच्या उपयोगापेक्षा मोठा होता, हे आज मागे वळून पाहता मान्य करावे लागते. ॲव्हरोची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्याची जागा घेणाऱ्या ५६ सी-२९५ विमानांचा करार व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडले.

आजचा अभियंता अधिकारी घडतो तो हरजिंदर सिंगांच्या अगदी उलट वळणाने. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला उमेदवार हवाई दलाची सामायिक प्रवेश परीक्षा आणि निवड मंडळाची कित्येक दिवस चालणारी चाचणी पार करून, किंवा पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हैदराबादजवळच्या डुंडिगल येथील हवाई दल अकादमीत जातो आणि तेथून बंगळूरच्या जालहळ्ळी भागातील, १९४९ पासून चालत आलेल्या हवाई दल तांत्रिक महाविद्यालयात पोहोचतो. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात इंजिनाचे उष्मागतिक गणित शिकलेल्या या तरुणाला तेथे प्रत्यक्ष विमानाच्या यंत्रणा, त्यांच्या देखभालीची शिस्त आणि नोंदींची पद्धत शिकवली जाते. त्यानंतर तो फ्लाइंग ऑफिसर म्हणून एखाद्या स्क्वाड्रनमध्ये रुजू होतो तेव्हा त्याच्या हाताखालचे कित्येक तंत्रज्ञ बेळगावजवळच्या सांबरा येथील प्रशिक्षण केंद्रातून त्याच्या जन्माआधी बाहेर पडलेले असतात. मास्टर वॉरंट ऑफिसर या हुद्द्यावरच्या, तीस वर्षे इंजिनांत हात घातलेल्या माणसाला बावीस-तेवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने आज्ञा द्यायची, आणि त्याच्याकडूनच काम शिकायचेही, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. ती चालते, कारण दोघांच्याही वर एक तिसरी सत्ता असते व ती म्हणजे कागद.

हा कागद प्रत्येक विमानाचा स्वतंत्र असतो आणि त्याला फॉर्म ७०० असे ब्रिटिश काळापासूनचे नाव आहे. विमानावर झालेले प्रत्येक काम, बदललेला प्रत्येक भाग, भरलेले इंधन व तेल, आढळलेला प्रत्येक बिघाड यांची नोंद त्यात होते. काम करणारा तंत्रज्ञ सही करतो, त्याचे काम तपासणारा वरिष्ठ सही करतो, आणि शेवटी विमान ताब्यात घेणारा वैमानिक त्या साऱ्या सह्या पाहून आपली सही करतो. उतरल्यानंतर उड्डाणात जाणवलेली खोट, जिला तळावर सर्व जण ‘स्नॅग’ म्हणतात, तीही त्याने तेथेच लिहायची असते. संगणकीय व्यवस्था आल्यावर नोंदीचे माध्यम बदलले, जबाबदारीचे स्वरूप बदलले नाही. अपघातानंतर चौकशी न्यायालय बसते तेव्हा विमानाच्या अवशेषांइतकेच लक्ष या नोंदींकडे दिले जाते, आणि तपासणी न करता केलेली सही हा अपराध यंत्र नादुरुस्त राहण्यापेक्षाही गंभीर मानला जातो.

स्क्वाड्रनमधील काम उड्डाणांच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वीची तपासणी, दोन उड्डाणांच्या मधली झटपट तपासणी आणि शेवटच्या उड्डाणानंतरची सविस्तर तपासणी अशा तीन पातळ्यांवर हे रोजचे काम चालते. ठरावीक तास उडून झाले की विमान तळावरच्या दुरुस्ती पथकाकडे जाते, आणि काही वर्षांनी वा काही शे तासांनी ते आगाराकडे ओव्हरहॉलसाठी, म्हणजे संपूर्ण उकलून तपासून पुन्हा जोडण्यासाठी, पाठवले जाते. या रोजच्या कामातली शिस्त बाहेरच्या माणसाला जाचक वाटेल इतकी बारीक असते. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची व स्क्रू-ड्रायव्हरची आकृती रंगवलेली असते, जेणेकरून काम संपल्यावर एखादी आकृती रिकामी राहिली तर ती दुरूनही नजरेत भरावी; आणि ती रिकामी राहिली तर हरवलेले हत्यार सापडेपर्यंत त्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळत नाही, मग त्यासाठी चौकटीमागून चौकट उघडावी लागली तरी चालते. नियंत्रणाच्या दांड्यांमध्ये अडकलेला एक पाना किंवा इंजिनाने शोषून घेतलेला एक खिळा विमान गमावण्यास पुरेसा असतो. महत्त्वाच्या बोल्टांच्या डोक्यांना आरपार भोके असतात आणि त्यांतून पोलादी तार पिळून अशा दिशेने ओवतात की बोल्ट सैल होऊ लागला तर तार त्याला पुन्हा आवळण्याच्या दिशेने ओढेल. तार उलट दिशेने पिळली गेली तर ती असून नसल्यासारखी, म्हणून नवख्या अधिकाऱ्याच्या नजरेची परीक्षा बहुधा याच तारेवर होते.

इंजिनाच्या आत काय चालले आहे, हे ते न उघडता ओळखण्याची कला ही या व्यवसायातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट म्हणता येईल. जेट इंजिनाचा मुख्य दांडा बेअरिंगांवर फिरतो व त्यांना वंगणतेलाचा सतत पुरवठा असतो. बेअरिंग झिजू लागले की धातूचे सूक्ष्म कण तेलात मिसळतात. तेलाच्या मार्गात बसवलेल्या चुंबकी टोपणाला लोहयुक्त कण चिकटतात, आणि ठरावीक तासांनंतर ते टोपण काढून भिंगाखाली पाहतात. पीठासारखी बारीक करडी साय ही सामान्य झिजेची खूण मानली जाते, पण चकाकणारा, कडा असलेला एखादा पापुद्रा दिसला तर तो बेअरिंगाच्या पृष्ठभागावरून सुटलेला असण्याची शंका येते. शिवाय तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जाळून त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून लोह, तांबे, क्रोमियम, चांदी अशा धातूंचे दशलक्षांशातले प्रमाण मोजतात. येथे एका नमुन्याच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या अनेक नमुन्यांच्या मानाने आकडा कोणत्या वेगाने चढतो आहे, यावर इंजिन उतरवायचे की आणखी काही तास उडू द्यायचे, हे ठरते. चांदी वाढली तर तिचा मुलामा असलेल्या कोणत्या बेअरिंगाचा हा कण असू शकेल, हे त्या इंजिनाची रचना पाठ असलेला अभियंताच सांगू शकतो.

या तपासणीचे मोल सुखोई-३० एमकेआय विमानांच्या बाबतीत सर्वांसमोर आले. पुण्याच्या लोहगाव तळावर १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० विमाने दाखल झाली आणि पुढे नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात एमकेआय या सुधारित प्रकाराची दोनशेहून अधिक विमाने बांधली गेली, त्यामुळे या विमानाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. त्याच्या एएल-३१ एफपी इंजिनांत वारंवार होणाऱ्या बिघाडांविषयी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी मार्च २०१५ मध्ये संसदेत माहिती दिली, तेव्हा तपासलेल्या ६९ प्रकरणांपैकी ३३ प्रकरणांचे मूळ सदोष बेअरिंगांत सापडल्याचे स्पष्ट झाले. विमान दोन इंजिनांचे असल्यामुळे एक इंजिन बंद करून दुसऱ्यावर उतरणे वैमानिकांना शक्य होते. निर्मात्या रशियन कंपनीने इंजिनाच्या उत्पादनात सुधारणा सुचवल्या. धातुविद्येचे शिक्षण घेतलेल्या पर्रीकरांना झीज आणि धातुथकवा या संज्ञांचा अर्थ अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावा लागला नसणार. संरक्षणमंत्र्यांमध्ये ही पात्रता दुर्मीळच. त्या सुमारास सुखोईंच्या ताफ्यापैकी एका वेळी उड्डाणास सज्ज असणाऱ्या विमानांचे प्रमाण पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान होते आणि ते वाढवण्यासाठी त्यांनी सुट्या भागांच्या दीर्घ मुदतीच्या करारांवर भर दिला.

सुटे भाग हा या कारकिर्दीतला कायमचा सल आहे. विमान केवळ एका भागासाठी जमिनीवर अडकले की त्याची मागणी सर्वोच्च निकडीने वर पाठवली जाते. तो भाग आगारात नसेल, परदेशातून यायचा असेल आणि उद्याची उड्डाणे ठरलेली असतील, तर दुसऱ्या अडकलेल्या विमानाचा भाग काढून पहिल्याला लावण्याची परवानगी मागितली जाते. याला तळावर ‘रॉबिंग’ म्हणतात. त्यात श्रम दुप्पट होतात, कारण तोच भाग दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो; प्रत्येक वेळी नळ्यांचे व जोडण्यांचे नुकसान होण्याची शक्यता असते आणि दोन विमानांच्या नोंदवह्या एकमेकींत गुंतत जातात. एकदा सर्वांनी भाग काढून घेतलेले विमान पुन्हा उभे करणे महिन्यामहिन्यांचे काम होऊन बसते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाल्यावर हा प्रश्न अतिशय तीव्र झाला, कारण भारतीय ताफ्याचा मोठा हिस्सा सोव्हिएत बनावटीचा होता व त्याचे भाग बनवणारे कारखाने रातोरात वेगवेगळ्या देशांत गेले. एएन-३२ या वाहतूक विमानाचा निर्माता युक्रेनमध्ये राहिला. २००९ मध्ये त्या देशाशी या विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला आणि पाचच वर्षांत युक्रेन व रशिया यांच्यातील संघर्षाने त्या पुरवठ्यालाही ग्रहण लागले.

अशा वेळी पुस्तिकेतला नियम आणि हँगरमधले विमान यांच्यात अंतर पडते, आणि ते अंतर कोणी, कोणत्या अधिकाराने भरून काढायचे, हा या शाखेचा खरा घटनात्मक प्रश्न आहे. त्याचे उत्तर हवाई दलाने पायऱ्यांमध्ये दिले आहे. स्क्वाड्रनमधल्या अधिकाऱ्याला पुस्तिकेबाहेर एक पाऊलही टाकता येत नाही. पुस्तिकेत पंख्याच्या पात्यावरच्या खाचेची जी कमाल खोली दिली असेल, तिच्याहून केसभर जास्त खोल खाच आढळली तर त्याने विमान थांबवायचे व वर कळवायचे. आगारातील अभियंत्यांना दुरुस्तीची नवी योजना आखता येते, मात्र तिला मान्यता हवी असते. ती मान्यता देणारी लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेची संस्था, सेमिलॅक या संक्षेपाने ओळखली जाणारी, बंगळूरला आहे आणि भागांच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवणारी यंत्रणा वेगळी आहे. बदल विमानाच्या उडण्यावर परिणाम करणारा असेल तर त्याची चाचणी बंगळूरच्या विमान व प्रणाली परीक्षण संस्थेत होते, जेथे चाचणी वैमानिकांबरोबर चाचणी अभियंत्यांनाही स्वतंत्र प्रशिक्षण दिले जाते. टाउंगूच्या हँगरमध्ये एका वॉरंट ऑफिसरच्या डोक्यात जे सर्व हिशेब होत होते, ते आता इतक्या टेबलांवर विभागले गेले आहेत.

यामुळे काम मंदावते, अशी तक्रार शाखेत नेहमीच ऐकू येते आणि ती निराधार नाही. तथापि कारगिल युद्धाने असे दाखवले की निकड असेल तर हीच यंत्रणा वेगही घेऊ शकते. १९९९ च्या उन्हाळ्यात फ्रेंच बनावटीच्या मिराज-२००० विमानांवर इस्रायली लक्ष्यवेधक उपकरण आणि लेसरच्या साहाय्याने मार्ग काढणारे बॉम्ब अत्यंत थोड्या अवधीत जोडण्यात आले, आणि त्या जोडणीमुळेच २४ जूनचा टायगर हिलवरील अचूक हल्ला शक्य झाला. विमान एका देशाचे, उपकरण दुसऱ्या देशाचे, बॉम्बचा मार्गदर्शक संच तिसऱ्या देशाचा, आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावणारे अभियंते भारतीय, अशी ही जुळणी होती. १९४२ आणि १९९९ यांत फरक असा की दुसऱ्या वेळी प्रत्येक बदलाचा कागद मागे राहिला.

पायऱ्यांच्या या व्यवस्थेतील मधली पायरी पाहायची असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला जावे लागते. तेथे विमान कारखान्याच्या शेजारीच हवाई दलाचे अकरावे दुरुस्ती-आगार आहे आणि लढाऊ विमानांचे ओव्हरहॉल करणारे हवाई दलाचे ते एकमेव आगार होय. सुखोई-७ पासून मिग मालिकेतील विमानांपर्यंत अनेक पिढ्या त्याने हाताळल्या. २००८ च्या करारानुसार मिग-२९ विमानांचे आधुनिकीकरण रशियात काही नमुना विमानांपुरते झाले आणि उरलेल्या ताफ्याचे काम याच आगाराकडे आले. २०१८ मध्ये त्याने ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई-३० एमकेआय लढाऊ स्क्वाड्रनच्या स्वाधीन करण्यात आले. ओव्हरहॉलमध्ये विमान शब्दशः नागवे केले जाते : रंग उतरवतात, इंजिने, आसन, तारांचे जुडगे, इंधनाच्या टाक्या बाहेर काढतात, आणि उरलेल्या सांगाड्यातील प्रत्येक महत्त्वाच्या सांध्यावर तडे शोधतात. डोळ्यांना न दिसणारा तडा शोधण्यासाठी पृष्ठभागावर भेदक रंगद्रव लावून पुसतात व तड्यात उरलेला द्रव अतिनील प्रकाशात चमकताना पाहतात, किंवा धातूत विद्युत भोवरे निर्माण करून त्यांत पडणारा खंड मोजतात. विमानाचे आयुष्य केवळ उड्डाणाच्या तासांत मोजले जात नाही, वर्षांतही मोजले जाते, कारण न उडणारे विमानही गंजते, रबर कडक होते आणि तारांवरचे आवरण ठिसूळ होते. १९६३ मध्ये दाखल झालेला मिग-२१ ताफा २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप घेईपर्यंत टिकला, तो विमानाची आयुष्यमर्यादा वाढवण्यासाठी केलेल्या अभ्यासांमुळे. या विमानाला शवपेटी म्हणणाऱ्यांनी त्याच्या अपघातांत प्रशिक्षणातील उणिवा, पक्ष्यांची धडक, यंत्रबिघाड आणि मानवी चूक यांचा वाटा वेगवेगळा तपासण्याची तसदी फारशी घेतली नाही. १९९७ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र लढाऊ विमानांच्या अपघातांचा तसा अभ्यास केला होता.

अधिकारी जसजसा वर चढतो तसतसा तो विमानापासून दूर जातो. सेवेची दोन वर्षे झाल्यावर फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर आणि तेरा वर्षांनी विंग कमांडर ही पदे कालमानानुसार मिळतात, त्यापुढची बढती निवडीने होते. या काळात काहींना भारतीय तंत्रज्ञान संस्थांत पदव्युत्तर शिक्षणासाठी, काहींना पुण्याच्या गिरीनगरमधील लष्करी तंत्रज्ञान संस्थेत तिन्ही दलांच्या सामायिक अभ्यासक्रमासाठी, तर काहींना वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात पाठवले जाते. नंतर बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी नागपूर येते, जेथे मागणीपत्रे, निविदा, दुरुस्तीचे करार आणि आगारांची उद्दिष्टे हेच काम असते. तरुण अधिकाऱ्यांना ही नेमणूक फारशी आवडत नाही. परंतु सकाळी धावपट्टीवर किती विमाने सज्ज उभी राहतील याचा निम्मा निकाल अशा टेबलांवर एक-दोन वर्षे आधीच लागलेला असतो, हे लक्षात घेता ती नावड बदलायला हवी.

नौदलात याच व्यवसायाला समुद्राची जोड मिळते. गोव्यातील दाबोळी येथील आयएनएस हंसा तळावर मिग-२९ के विमाने आहेत आणि ती विमानवाहू नौकेवर उतरतात तेव्हा अडथळा-तारेने त्यांना काही क्षणांत थांबवले जाते. चाकांचा सांधा, शेपटीचा हुक आणि आतील इलेक्ट्रॉनिक पेट्या या साऱ्यांना प्रत्येक उतरणीत असा हिसका बसतो, शिवाय खारी हवा अॅल्युमिनियमला पोखरत राहते. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालानुसार या विमानांच्या सज्जतेचे प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के इतकेच होते आणि घेतलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० इंजिने रचनेशी निगडित दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती. इतक्या थोड्या सज्ज विमानांवर वैमानिकांना नौकेवर उतरण्याचा सराव देत राहणे हे नौदलाच्या वैमानिकी अभियंत्यांचे काम होते, आणि त्या आकड्यांमागचा दोष त्यांचा नव्हता.

शाखेच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. देखभाल विभागाचे प्रमुखपद आणि दिल्लीच्या मुख्यालयातील देखभाल विषयाचे सर्वोच्च पद अभियंत्यांना मिळते व ते एअर मार्शल होतात. हवाई दलाचा प्रमुख मात्र आजवर प्रत्येक वेळी उड्डाण शाखेतूनच आला आहे. स्त्रियांना १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अल्पमुदतीच्या सेवेसाठी हे दार उघडले आणि फ्लाइट इंजिनिअरचे, म्हणजे उड्डाणात प्रत्यक्ष सहभागी होऊन यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या अभियंत्याचे काम त्यांना २०१८ नंतर मिळू लागले. त्याआधी क्षेपणास्त्र पथकात काम केलेल्या फ्लाइट लेफ्टनंट हिना जयस्वाल २०१९ मध्ये हवाई दलातील पहिल्या महिला फ्लाइट इंजिनिअर झाल्या. अल्पमुदतीची सेवा दहा वर्षांची असून ती आणखी चार वर्षांनी वाढू शकते, पण निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे लागतात. त्यामुळे पस्तिशीच्या आसपास बाहेर पडणाऱ्याला दुसरी नोकरी शोधावीच लागते. नागपूरच्या मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र उभे आहे, पण लष्करी विमानांवरचा अनुभव कितीही असला तरी प्रवासी विमानावर सही करण्यासाठी नागरी परवान्याच्या परीक्षा स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. त्या परीक्षांत लष्करी सेवेला अधिक उदार सूट द्यावी, ही मागणी न्याय्य वाटते.

तेजस या भारतीय बनावटीच्या लढाऊ विमानाच्या आगमनाने शाखेची स्थिती एका बाबतीत बदलत आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस एमके-१ ए आकाशात झेपावले, आणि या विमानाची देखभाल-पुस्तिका लिहिणारे, तिच्यात दुरुस्ती सुचवणारे व ती मंजूर करणारे सारे जण भारतातच आहेत. स्क्वाड्रनमधील अभियंत्याने कळवलेली खाच पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत उतरायला आता परदेशी कारखान्याच्या उत्तराची वाट पाहावी लागणार नाही. तेजसच्या एफ-४०४ इंजिनाबाबत मात्र हे खरे नाही : ते अमेरिकेहून येते, २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले, आणि त्याच्या पुस्तिकेत एक ओळ बदलायची तर ती आजही निर्मात्यालाच विचारावी लागते.